ह्यातलो पयलो खयचो?

गणपतीला आठ दिवस असताना आत्याकडे गेले होते. दोन प्रिंट जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले, वर प्लास्टिकची पिशवी, आणि ती पिशवी पोटाशी धरून एसटीत खिडकीपासून लांब बसलेली मी. आत्या चुलीपाशी होती. तिने पदराला हात पुसले, चष्मा शोधला, ओटीवर उजेडाला येऊन बसली आणि एक फोटो एका मांडीवर, दुसरा दुसऱ्या मांडीवर ठेवून बघत राहिली. कौलांच्या पागोळ्या पडत होत्या. हातात फोटो दिल्यावर माणसं काय म्हणतात हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. कुणी म्हणतं, केवढी म्हातारी दिसते. कुणाला साडी दुसरी नेसायला हवी होती असं वाटतं. आत्या त्यातलं काहीच म्हणाली नाही. एका फोटोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर तिची नजर जात होती. शेवटी तिने मान वर केली आणि विचारलं, "ह्यातलो पयलो खयचो गो?"

मला सांगता आलं नाही.

हे फोटो गेल्या श्रावणातले. आतोबा तेव्हा होते. चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा घेऊन मी दोन दिवस राहायलाच गेले होते. आत्या ओटीच्या खांबाला टेकून बसली, मी अंगणाच्या कडेला पत्र्याच्या पडवीखाली तिपाई लावली आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. आभाळ भरून आलेलं, पाऊस थांबून थांबून पडत होता, आणि सगळीकडे एकसारखा, कुठेही सावली न पाडणारा उजेड होता. भिंगाचं छिद्र बावीसवर, म्हणजे बरंच बारीक, ठेवलं तर अर्धा सेकंद लागत होता. बसलेल्या माणसाला अर्धा सेकंद फार मोठा असतो. हलू नको, हसू नको, श्वास धरून ठेव, असं मी आत्याला बजावलं. पहिला फोटो झाला तेव्हा आम्ही दोघीच होतो. आत्या जरा सावरून बसली म्हणून मी पुन्हा कापडाखाली शिरून घासलेल्या काचेवर फोकस तपासत होते, तेवढ्यात आतोबा वाडीतून आले. छत्री मिटून कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले आणि आत्याला काहीतरी म्हणाले. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता, मला शब्द कळले नाहीत. भिंगातून मला आत्याच्या डोळ्याची कड तेवढी दिसत होती, तीही उलटी. मी फिल्म धरणाऱ्या होल्डरची दुसरी बाजू लावली, दुसरा फोटो घेतला. आत्या हलली नाही, हसली नाही. दोन्ही फोटोंत तिची नजर भिंगाच्या किंचित एका बाजूला गेलेली आहे. एकात ती पावसाकडे बघते आहे, एकात आतोबांकडे.

माघात आतोबा गेले. आत्याला चौकटीत घालायला त्यातला एकच हवा होता, आणि कुठला हवा होता ते तिने न सांगताच मला कळलं.

आता हे हरवलं कसं, ते सांगते. चार बाय पाचची फिल्म रिळावर नसते, सुटी असते. एकेक पान, साधारण पोस्टकार्डाएवढं. होल्डरमध्ये ती दोन बाजूंना दोन बसतात. प्रत्येक बाजूला एक सरकती काळी स्लाइड, तिच्या मुठीची एक कड पांढरी आणि दुसरी काळी. पांढरी कड बाहेर असेल तर फिल्म कोरी. फोटो झाला की स्लाइड उलटी घालायची, काळी कड बाहेर. पांढऱ्या कडेला बारीक उंचवटे असतात, अंधारात बोटाला लागावेत म्हणून. कुठली फिल्म वापरली गेली आणि कुठली नाही, एवढं यावरून समजतं. कुठली आधीची आणि कुठली नंतरची, हे मात्र त्या स्लाइडला ठाऊक नसतं. त्यासाठी मी सहा होल्डरांच्या दोन्ही बाजूंना स्टिकर लावले होते. पहिल्या बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला चौकोनी, वर बॉलपेनने आकडे. वहीत प्रत्येक आकड्यापुढे जागा, वेळ, छिद्र, सेकंद. आपलं काम पक्कं आहे असं मला वाटायचं.

श्रावणाच्या हवेत कोकणात कुठलाही गोंद धरत नाही. मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते, पाकिटं आपोआप चिकटतात आणि चिकटवलेल्या गोष्टी आपोआप सुटतात. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाला स्टिकर पडलेले सापडले. गोल वेगळे, चौकोनी वेगळे, कुणाचा कोण ते कळायला मार्ग नाही. पण स्टिकर जागच्या जागी राहिले असते तरी आत्याला उत्तर देता आलं नसतं, हे मला त्या दिवशी तिच्या ओटीवर बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. कारण रात्री अंधारात मी सगळ्या होल्डरांतल्या बारा फिल्म काढून एका रिकाम्या डब्यात एकावर एक ठेवल्या होत्या. फिल्म होल्डरमधून बाहेर आली की होल्डरवरचा आकडा होल्डरवरच राहतो. पुढे मालवणात घरी येऊन त्या धुतल्या, त्याही सहा-सहा एका ट्रेमध्ये, तळातली काढून वर, पुन्हा तळातली काढून वर. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवायला मच्छीवाल्यांकडचा बर्फ आणला होता. रसायनाच्या वासात बांगड्याचा वास मिसळला होता. दोरीवर बारा निगेटिव्ह वाळत टाकल्या तेव्हा त्यांतल्या दोन आत्याच्या होत्या. एवढीच ओळख उरली होती.

फिल्म भरण्याचं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना तो अंधार सांगणं कठीण आहे. ही फिल्म सगळे रंग ओळखते, म्हणून डार्करूममधला लाल दिवासुद्धा चालत नाही. डब्याला एकात एक अशी तीन झाकणं असतात, आत पंचवीस पानं. हातांना जे लागेल तेवढंच खरं. फिल्मच्या एका कोपऱ्यात कंपनीने ठराविक आकाराच्या खाचा कापलेल्या असतात. त्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आल्या की रसायनाची बाजू आपल्या तोंडाकडे आहे असं समजायचं. शिवाय प्रत्येक जातीच्या फिल्मच्या खाचा वेगळ्या, म्हणजे चारशे वेगाची फिल्म आणि सव्वाशे वेगाची फिल्म अंधारात बोटांनी निवडता येते. मी आत्याकडे न्हाणीघरात बसून भरते. दाराच्या फटीला गोधडी, खिडकीला पोतं. एकदा मे महिना संपत असताना असंच बसले होते. डबा उघडलेला, हातात फिल्म, आणि कौलांच्या फटीतून एक काजवा आत आला. लुकलुकत खाली आला, माझ्या मनगटाच्या वरून गेला. एरवी मी त्याच्याकडे बघत बसले असते. त्या दिवशी मी फिल्मवर ओणवी झाले, पदरासारखी ओढणी वर घेतली आणि तो जाईपर्यंत तशीच बसून राहिले. नंतर धुतल्यावर दोन फिल्मच्या कडेला धुरकट डाग निघाले. ते काजव्याचे होते की आणखी कशाचे, खात्रीने सांगता येणार नाही. मी त्या ठेवल्या आहेत.

क्रम हरवणं ही काही माझ्यासाठी नवी गोष्ट नव्हती. कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पांचे फोटो काढायला जायचे तेव्हाही व्हायचं. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि लोकांची ये-जा वाढली. मी जायचे ती बहुतेक संध्याकाळी, कारण कातळात कोरलेली रेघ दुपारी दिसतच नाही. ऊन कलायला लागलं की ती हळूहळू वर येते. एकाच आकृतीचे दर पाच मिनिटांनी आठ-दहा फोटो घ्यायचे, कुठल्या क्षणी रेघ सगळ्यांत बोलकी होते ते बघायला. धुतल्यावर त्यांचाही क्रम सांडलेला असायचा, पण तिथे अडत नव्हतं. सावली लांबत गेलेली असते, ती बघून मी निगेटिव्ह ओळीने लावायचे. ऊनच मला तारीखवार लावून देत होतं. आत्याच्या ओटीवर सावली नव्हती. तो सावली नसलेला उजेड माणसाच्या तोंडाला फार गोड असतो, म्हणूनच मी तो दिवस निवडला होता.

त्या संध्याकाळी एसटीत मला राहून राहून मास्तर आठवत होते. बाजारपेठेत जिन्याच्या वर त्यांचा स्टुडिओ. आम्ही मुलं शाळेच्या ओळखपत्राचे फोटो काढायला जायचो तेव्हा पडद्यावर महाल आणि हंस असायचे आणि कोपऱ्यात पितळी बिजागरीचा मोठा लाकडी कॅमेरा. पुढे मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे बसायला लागले. मास्तर वाळलेल्या निगेटिव्हच्या कडेला, रसायनाच्या बाजूने, सुईने आकडा कोरायचे. उलटा कोरायचे, म्हणजे सुलटा उमटतो. तोच आकडा रजिस्टरमध्ये, तोच फोटोच्या पाकिटावर. दहा वर्षांनी कुणी येऊन म्हणालं की वडील वारले, त्यांचा तो फोटो मोठा करून द्या, तर मास्तर पाकिटावरचा आकडा बघून पाच मिनिटांत निगेटिव्ह काढायचे. मला त्यांनी फार काही शिकवलं असं नाही. हात कसा स्वच्छ ठेवायचा ते शिकवलं. स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांच्या मुलाने मला दोन लाकडी होल्डर दिले. निगेटिव्ह तोवर गेल्या होत्या. चांदीसाठी निगेटिव्ह विकत घेणारे गावोगाव फिरायचे, त्यांच्याकडे किलोवर गेल्या. काचेच्या जुन्या प्लेटा खरवडून धुऊन देवांच्या तसबिरींना लावल्या गेल्या. मालवणातल्या किती घरांतले गणपती आणि दत्त अशा काचांच्या मागे बसले असतील, मनात येतं. रजिस्टरं मुलाने ठेवली आहेत. त्यांत आकडे आहेत, नावं आहेत. ज्यांच्यासाठी आकडे घातले ते काही नाही.

त्या दोन लाकडी होल्डरांत काढलेल्या फोटोंच्या कडेला एक दोष यायचा. चौकटीची सरळ कड जिथे संपते तिथून बाहेरच्या कोऱ्या पट्टीत एक बारीक काळा दात निघालेला. दुसऱ्या बाजूच्या फिल्मला दोन दात. प्रिंट करताना ते चौकटीखाली झाकले जायचे म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. लाकूड कुरतडलं असेल, झिजलं असेल, असं धरून चालले होते. आत्याकडून आले त्या रात्री मी ते होल्डर काढून दिव्याखाली धरले. फिल्म आत सरकवायला तळाशी एक झडप असते. फिल्म घातली की झडप मिटायची, तिची आतली कड फिल्मच्या काठावर दोनेक मिलिमीटर बसते आणि तेवढा काठ उजेडापासून राखते. त्या कडेवर खाच होती. नखाएवढीसुद्धा नाही, पण दोन्ही बाजू सरळ, तळ टोकदार. तिकोन्या कानशीने घासलेली. उलट्या बाजूला तशाच दोन, एकमेकींपासून मोजून ठेवलेल्या. लाकडावर हाताच्या तेलाचा थर चढून त्या काळ्या पडल्या होत्या. मी अंगठा फिरवला. मास्तरांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नसेल.

मग आईबाबांच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला. तो मास्तरांनीच काढलेला. मागचे खिळे काढून प्रिंट बाहेर घेतला आणि चारही कडा भिंगाखाली बघितल्या. पांढरी किनार सगळीकडे सरळ होती. दात असलाच तर निगेटिव्हवर असणार, आणि ती निगेटिव्ह कुठल्या तरी भट्टीत कधीच वितळून गेली. फोटो पुन्हा चौकटीत घालताना रात्रीचे दोन वाजले होते.

आमच्याकडे आंब्याच्या पेट्यांवर मार्का घालतात. पत्र्यात कापलेली अक्षरं, त्यावर शाईचा बोळा. वडिलांच्या वाडीचा मार्का मला अजून डोळे मिटून काढता येईल. लहानपणी वाटायचं, मार्का घातला की आंबा आपला झाला, मुंबईत कुठेही गेला तरी. एकदा वडिलांबरोबर बाजारात गेले तेव्हा बघितलं: पेटी फोडली, आंबे काढून दुसऱ्या आंब्यांत मांडले, आणि रिकामी पेटी मार्क्यासकट कोपऱ्यात भिरकावली. दुसऱ्या दिवशी त्या पेटीत कुठला आंबा भरला जाणार, कोण बघतं? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आता काही बागायतदार एकेका आंब्यावर स्टिकर लावतात, तरी परप्रांतातला आंबा देवगडचा म्हणून खपतोच. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, देठाकडचा वास घे, तो खोटं बोलणार नाही. माझे स्टिकर म्हणजे पेटीवरचा मार्का होता. मास्तरांची खाच ही देठाच्या वासासारखी. फोटो ज्या क्षणी होतो त्याच क्षणी, त्याच उजेडाने, ती फिल्मच्या अंगात उतरते. नंतर कुणी लावायची नाही, कुणी काढूही शकत नाही.

एवढं कळल्यावरही कानस हातात घ्यायला मला चार दिवस लागले. बाजारातल्या सोनाराकडून सुईएवढी बारीक तिकोनी कानस आणली आणि ती कागदात तशीच पडून राहिली. प्लास्टिकचे चार होल्डर मी एकेक करून जमवलेले. त्यांच्यावर कायमची खाच घालायची, चुकली तर परत भरून काढता येत नाही, जास्त खोल गेली तर फिल्मच्या टोकापर्यंत उजेड जाईल. आणि मोजायचं कसं हाही प्रश्न होता. सहा होल्डरांच्या बारा बाजू. बाराव्या बाजूला बारा दात घालून कसं चालेल? एका कडेवर ते मावणारही नाहीत, आणि मावले तरी कोण मोजत बसणार. त्याचं उत्तर मला आजीच्या बटव्याने दिलं. त्यात अजून जुनी नाणी आहेत, १९५७ साली नवे पैसे आले त्याच्या आधीची. एक आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. या चार नाण्यांत एकपासून पंधरा आण्यांपर्यंत कुठलीही रक्कम देता येते, एकही नाणं दोनदा न वापरता. मग कडेवर चारच जागा ठरवल्या. डावीकडून पहिली आण्याची, दुसरी चवलीची, मग पावली, शेवटी अधेली. तिसरी बाजू म्हणजे आणा आणि चवली. पाचवी म्हणजे पावली आणि आणा. बारावी म्हणजे अधेली आणि पावली, दोनच दात. मास्तरांचे दोन होल्डर मी जसेच्या तसे ठेवायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या खाचा माझ्या हिशेबाशी जुळेनात. पुष्कळ विचार करून त्यांच्या खाचांचे जे आकडे निघत होते तेच त्यांना दिले आणि ते आकडे बाकीच्यांतून वगळले. त्यांच्या होल्डरला मी कानस लावली नाही.

खाच घालताना प्लास्टिकचा बारीक भुगा उडतो आणि जळल्यासारखा वास येतो. झडप पूर्ण उघडून, खाली ओलं फडकं पसरून बसले होते, कारण तो भुगा आत राहिला तर प्रत्येक फोटोत काळे ठिपके होऊन परत येईल. कानस तिरपी धरून तीन-चार वेळा ओढायची, मग अंगठ्याने बघायचं, मग आणखी एकदा. एक मिलिमीटर पुरतो. कडेला राहिलेला कचरा रंगाच्या मऊ ब्रशने झाडायचा. पहिल्या दोन खाचा जरा वाकड्या झाल्या. तिसरीपासून हाताला लय सापडली, आणि मला वाटलं, मास्तरही असेच कुठल्या तरी पावसाळी रात्री, गिऱ्हाईक नसताना, जिन्याच्या वर बसले असतील.

दुसऱ्या दिवशी सगळे होल्डर भरून आभाळाचे बारा फोटो घेतले, दुसरं काही न घेता, फक्त भरलेलं आभाळ. धुतल्यावर करड्या चौकोनांच्या कडेला दात निघाले, एकेक स्पष्ट. फिल्म उजेडाला धरून मी मोठ्याने वाचत होते: चवली. पावली आणि चवली. अधेली. पुढे काम करताना कळलं की आभाळ होतं म्हणून ते इतके स्पष्ट आले. दाताला लागणारा उजेड चित्राच्या त्या कडेला जे असेल त्याचाच असतो. माजघरातला फोटो घेतला, कडेला काळोखा कोपरा आला, तर दात उमटतच नाही. आता कडेला काहीतरी उजळ येईल असं बघते, नाहीतर त्या फिल्मपुरतं वहीवर विसंबते. माजघराचे माझे पाच-सहा फोटो बिनखुणेचेच आहेत.

त्या बारा आभाळांत एक डागाळलेलं होतं. पावली आणि चवलीचं, म्हणजे सहावी बाजू. दातांच्या समोरच्या टोकाला, जिथून स्लाइड आतबाहेर करते, तिथून एक फिकट काळी पट्टी आत शिरलेली. स्लाइडच्या फटीत मखमलीची झालर असते, उजेड अडवायला. दमट हवेने आणि वापराने तिथली मखमल बसली होती. ती पट्टी मी आधी पाहिली होती. आत्याच्या एका निगेटिव्हवर, नेमक्या त्याच जागी, तेवढीच रुंद. प्रिंट करताना मी तो भाग कापून टाकला होता, म्हणून तो फोटो दुसऱ्यापेक्षा बोटभर अरुंद आहे. म्हणजे तो फोटो या होल्डरच्या या बाजूने काढलेला. मी होल्डर खिडकीशी नेला आणि तिरपा धरला. स्टिकर गेला होता, पण गोंद जिथे होता तिथे वर्षभराची धूळ धरली होती. गोल डाग. गोल स्टिकर मी पहिल्या बाजूला लावायचे, आणि फोटो घ्यायला नेहमी पहिल्या बाजूने सुरुवात करायचे.

नेहमी. त्या दिवशी पाऊस होता, पिशवी ओली होती, होल्डर घाईत काढला होता. तरी मी शंभरातल्या नव्वद वेळा पहिल्याच बाजूने सुरुवात करते. तेव्हा अरुंद फोटो पहिला, आतोबा यायच्या आधीचा. रुंद फोटो दुसरा. एका दोषाने मला हे सांगितलं होतं. आत्याला फोन करावा असं वाटलं. मग वाटलं, फोनवर नको, तिच्यासमोर फोटो धरून सांगू.

नवरात्रात गेले. होल्डर बरोबर नेले होते, तिचे आणखी फोटो घ्यायचे होते. तिला झडप उघडून दाखवली, खाचा दाखवल्या, हिशेब सांगितला. आण्यांचा हिशेब मला लोकांना दोन-दोनदा सांगावा लागतो. आत्याने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पावली नि आणो. पाच. असाच मां?" मग जरा थांबून, "भांड्यार नाव घातल्यासारख्याच ह्या." आत फडताळात तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ आहे, त्याच्या काठावर टोच्याने ठोकून नाव आणि साल घातलेलं. देवळात जेवणावळीला भांडी जायची, शंभर घरांची एकत्र घासली जायची, तरी संध्याकाळी ज्याचं त्याच्याकडे यायचं. ते घंगाळ ती बाहेर घेऊन आली. काठ मी बोटांनी वाचला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, त्यांत आतोबांचं नाव.

फोटो आतल्या खोलीत होते. दोन्ही. तिने एकच चौकटीत घालायचं ठरवलं होतं, पण भाच्याने दोन चौकटी आणून दिल्या होत्या, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी. ती चहा टाकायला उठली तेव्हा मी रुंद फोटो खिळ्यावरून उतरवला, मागे काही ओल आली आहे का बघायला. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: हे यायच्या आधी. मी दुसरा उतरवला. अरुंद, बोटभर कापलेला. हे आल्यावर.

"तुका कसा कळला गो, खयचो पयलो तो?" मी तिथूनच विचारलं.

"माझा तोंड माका कळाचा नाय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "तू कापडात डोक्या घालून होतंस. ते काय म्हणाले ता तुका काय ऐकाक येतला? हलू नको म्हटलंस म्हणान मी हसूक नाय."

मी अरुंद फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. डोळ्यांच्या कडा, ओठ, पदर धरलेला हात. मग दुसरा बघितला. खिशात वही होती, त्यात पावली आणि चवलीपुढे गोल डागाची टीप होती. चहाच्या पातेल्यात साखर पडल्याचा, मग चमचा फिरल्याचा आवाज आला. मी दोन्ही फोटो होते तसे खिळ्यांवर लावले, कुठला कुठल्या बाजूला होता ते आठवून, आणि चौकटी सरळ केल्या.